विजेवरची गाडी घ्यायची आहे, पण माझ्या तक्त्याला तीन उत्तरं येतायत

आकडेमोडे

नमस्कार मंडळी,

माझी पेट्रोल गाडी अकरा वर्षांची झाली. क्लच प्लेट दुसऱ्यांदा गेली. मेकॅनिकनं खर्चाचा कागद हातात ठेवला आणि मान खाली घालून पाना शोधायला लागला, तेव्हाच समजलो की आता हिच्यावर पैसे घालणं बंद. बायकोचं म्हणणं, पुढची गाडी विजेवरचीच. भाऊ म्हणतो, वेड लागलंय का, पाच वर्षांत बॅटरी झोपते आणि नवी बॅटरी अर्ध्या गाडीच्या भावात पडते. ऑफिसातला एक सहकारी तिसरंच सांगतो: कोळसा जाळून केलेली वीज गाडीत भरायची आणि 'मी प्रदूषण करत नाही' म्हणत फिरायचं, म्हणजे आपला धूर शेजाऱ्याच्या अंगणात सोडायचा.

मी स्वभावानं तक्ते करणारा माणूस. तीन रविवार घालवून तक्ता केला. पहिल्या रविवारी इलेक्ट्रिक चार वर्षांत स्वस्त पडली, दुसऱ्या रविवारी अकरा वर्षांत, तिसऱ्या रविवारी कधीच नाही. गाडी तीच, माणूस तोच. कुठला तरी आकडा मी दर वेळी वेगळा धरतोय, पण कुठला ते सापडत नाही.

माझं चालवणं असं: कामाला जाऊन-येऊन रोज ३८ किमी. दीड महिन्यातून एकदा आई-वडिलांकडे, एका बाजूनं २८० किमी. वर्षाला १५,००० किमी धरून चाला. पार्किंग स्वतःचं आहे आणि तिथवर मीटरपासून वायर ओढता येईल असं वायरमन म्हणतो.

आणखी एक मोह आहे. पाच वर्षं वापरलेली, ४० युनिट बॅटरीची एक सेकंड हँड गाडी नव्या गाडीच्या निम्म्याहून कमी भावात मिळतेय. दिसायला छान आहे. म्हणूनच भीती वाटते.

तर बॅटरी खरंच किती टिकते? पैसे वाचतात का? आणि पर्यावरणाचं खरं काय? ज्यांनी स्वतः वापरली आहे त्यांनी कृपया लिहा. फॉरवर्ड आलेले मेसेज माझ्याकडे भरपूर आहेत.

कुंपणावर

हायब्रिड घ्या आणि मोकळे व्हा. (मी सात वर्षं सगळ्यांना हेच सांगतोय आणि स्वतः अजून स्कूटरवरच फिरतोय, तेव्हा सल्ला किती मनावर घ्यायचा ते बघा.)

फोर्कलिफ्टवाला

आकडेमोडे, तुमच्या भावाची 'पाच वर्षं' कुठून आली ते मी सांगतो. ते लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य आहे.

मी बावीस वर्षं एका गोदामात फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या सांभाळल्या. ४८ व्होल्टची, चोवीस सेलची, टनभर वजनाची पेटी. तिथे वजन हा दोष नसतो, पुढे माल उचलला की मागे तोल तीच सांभाळते. पाळी संपली की चार्जिंगला लावायची, हायड्रोमीटर बुडवून सेलची घनता बघायची, १.२८ आली की पोटभर. मग डिस्टिल्ड वॉटर घालायचं. दर दोन महिन्यांनी अ‍ॅसिडनं चाळण झालेली एक पँट टाकून द्यायची. एवढी सेवा करूनही पाच-सहा वर्षांत पेटी भंगारात. आपण सगळे याच बॅटरीबरोबर वाढलो, म्हणून बॅटरी म्हटलं की आपल्या डोक्यात पाच वर्षंच येतात.

सवयींचंही तसंच. लेड-अ‍ॅसिड उतरलेली ठेवली की प्लेटांवर सल्फेट चढतं, म्हणून घरात शिकवण काय, तर बॅटरी कायम भरलेली ठेवा. जुन्या निकेल-कॅडमियमला अर्धवट चार्जिंगची खोड लागायची, म्हणून दुसरी शिकवण, पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. लिथियमला या दोन्ही शिकवणी बाधतात. तिला तुडुंब भरलेलं पोट सोसत नाही आणि उपासही सोसत नाही. २० ते ८० टक्क्यांत ती सुखी. मी स्वतः बॅटरीवाला असून पहिले सहा महिने रोज रात्री १०० टक्के भरत होतो. हात ऐकत नव्हता. शेवटी मुलीनं गाडीच्या सेटिंगमध्ये जाऊन ८० ची मर्यादा लावली आणि मला सांगितलंसुद्धा नाही. मीच चार दिवस चार्जर बिघडला म्हणून त्याचे स्क्रू काढत बसलो.

आता तुमचा हिशेब. ४० युनिटची बॅटरी, एका युनिटला ढोबळ ६ किमी, म्हणजे एक पूर्ण 'फेरा' २४० किमीचा. वर्षाला १५,००० किमी म्हणजे साठ-बासष्ट फेरे. साधी एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) रसायनाची बॅटरी नीट वागवली तर हजार-दीड हजार फेरे देते, एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) त्याच्या दुपटीनं तरी. हजार फेरे धरले तरी सोळा वर्षं झाली. म्हणजे तुमची बॅटरी चालवून म्हातारी होणार नाही, उभी राहून होईल. लिथियमच्या सेलमध्ये ग्रॅफाइटवर एक पातळ पापुद्रा असतो, तो काही न करताही हळूहळू जाड होत जातो आणि थोडं थोडं लिथियम कायमचं अडकवून ठेवतो. सेल गरम आणि भरलेला असला की हे काम जोरात चालतं. भर उन्हात १०० टक्के भरून आठवडाभर उभी केलेली गाडी ही बॅटरीच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट वागणूक. ९८ टक्के भरून लगेच लांबच्या प्रवासाला निघालात तर काही बिघडत नाही.

माझी गाडी सहा वर्षांची, एनएमसी, १,०८,००० किमी झाले. बॅटरीची तब्येत, म्हणजे नवी असतानाच्या मानानं आता किती वीज मावते ते, सध्या ८८ टक्के दाखवते. त्यातले पाच टक्के पहिल्या दोन वर्षांतच गेले. तेव्हा मी झोपेतून उठून आकडा बघायचो. नंतर उतार मंदावला. हे बहुतेक सगळ्या गाड्यांत असंच होतं, सुरुवातीला झटकन, मग सावकाश. हजारो गाड्यांच्या नोंदी घेणाऱ्या जिओटॅबच्या पाहणीत २०२० साली सरासरी घट वर्षाला २.३ टक्के निघाली होती, २०२४ च्या पाहणीत १.८. माझी त्यातच बसते.

अपवाद आहेत. २०१० मध्ये आलेल्या पहिल्या निसान लीफच्या बॅटरीला द्रवानं थंड ठेवायची सोय नव्हती, उष्ण हवेत ती लवकर खचली. 'इलेक्ट्रिकची बॅटरी टिकत नाही' या बोलण्याचा अर्धा जन्म तिथला. म्हणून सेकंड हँड घेताना पहिला प्रश्न वर्षांचा नाही, 'हिच्या बॅटरीत पाणी फिरतं का' हा विचारा. (पाणी म्हणजे कूलंट. आम्ही पाणीच म्हणतो.)

एलएफपीची गंमत वेगळी. मुलीची गाडी एलएफपीची आहे. तिनं माझं ऐकून महिनोन्‌महिने ८० वरच ठेवली आणि एके दिवशी रस्त्यात २३ टक्के दाखवणारा काटा एकदम ९ वर आला. बॅटरी बिघडली नव्हती. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात ३.२-३.३ च्या आसपास सपाट असतो, त्यामुळे आत किती उरलंय याचा अंदाज गाडीच्या मेंदूलाच लागत नाही. वरच्या टोकाला नेलं की व्होल्टेज चढतो आणि मग त्याला कळतं, हां, ही भरली. म्हणून एलएफपी आठवड्या-पंधरवड्यातून एकदा १०० पर्यंत न्यायची. घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या आणि दोघींचे नियम उलटे. दोन सासवा सांभाळण्यासारखं आहे.

आणि सहा वर्षांत माझी गाडी रस्त्यात एकदाच बंद पडली, ती कशामुळे सांगू? मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली, पण दारं उघडेनात, आतली स्क्रीन लागेना. आतली छोटी १२ व्होल्टची बॅटरी मेली होती. ती जिवंत असल्याशिवाय मोठ्या बॅटरीचे संपर्कच जुळत नाहीत. आणि ती छोटी बॅटरी होती लेड-अ‍ॅसिड. बावीस वर्षांची ओळख, जाता जाता हात दाखवून गेली.

पैशांबद्दल नंतर लिहितो, जेवायला बोलावतायत.

संशयात्मा

बॅटरी टिकते की नाही हा पुढचा प्रश्न. ती येते कुठून ते कोणीच लिहीत नाही. जगातलं सत्तर टक्क्यांच्या आसपास कोबाल्ट काँगोच्या खाणींतून निघतं, त्यातलं काही माणसं, कधी मुलंसुद्धा, हातानं खणून काढतात. निकेलमध्ये इंडोनेशिया सगळ्यात पुढे, तिथे जंगल तोडून खाणी आणि कोळशावर चालणाऱ्या भट्ट्या. चिलीच्या अटाकामा वाळवंटात जमिनीखालचं खारं पाणी उपसून उन्हात वाळवतात तेव्हा लिथियम मिळतं. हे सगळं करून दीड टनाची गाडी एका माणसाला ऑफिसला पोचवणार. याला पर्यावरण म्हणायचं असेल तर म्हणा. मी सायकलनं जातो.

वहीतलं_पान

संशयात्मा, सायकलीला उत्तर नाही. पण आकडेमोडे सायकलनं ३८ किमी जाणार नाहीत, ते क्लच प्लेट बदलतील किंवा दुसरी गाडी घेतील. तुलना त्या दोनांतच करायला हवी.

मी शाळेत विज्ञान शिकवते. दर वर्षी नववीच्या मुलांना एक प्रश्न घालते: एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आत, साधारण ७४० ग्रॅम. ते जाळल्यावर कार्बन डायऑक्साइड किती निघेल? सगळी मुलं ७४० च्या खालचा आकडा सांगतात. उत्तर २.३ किलो. कुणीच विश्वास ठेवत नाही. मग फळ्यावर मांडायचं: पेट्रोलमध्ये ८६ टक्के कार्बन, म्हणजे ६४० ग्रॅम. कार्बनच्या प्रत्येक १२ भागांना हवेतला ३२ भाग ऑक्सिजन येऊन चिकटतो, १२ चे ४४ होतात. जास्तीचं वजन हवेचं. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे टाकीत पेट्रोल भरतो तेव्हा धूर आधीच अर्धा भरलेला असतो." त्याला मी पैकीच्या पैकी दिले, व्याकरणाकडे बघितलं नाही.

तर हिशेब. तेल काढणं, शुद्ध करणं, वाहून आणणं याचा पंचमांश वर धरला तर एक लिटरमागे २.८ किलो. गाडी लिटरला १५ किमी देत असेल तर किमीमागे १८७ ग्रॅम.

विजेची गाडी भिंतीतून घेतलेल्या एका युनिटवर, चार्जिंगमधली गळती धरून, साडेपाच किमी जाते. आता ते युनिट कशातून आलं यावर सगळं आहे. निव्वळ कोळशाची वीज असेल तर युनिटमागे सुमारे एक किलो, म्हणजे किमीमागे १८२ ग्रॅम. पेट्रोलइतकंच. तारांतली गळती धरली तर पेट्रोलच थोडं बरं. तुमचा सहकारी इथपर्यंत बरोबर आहे. पण निव्वळ कोळशावर चालणारी वीजव्यवस्था फारशी कुठे उरलेली नाही. मिश्र विजेला युनिटमागे ७०० ग्रॅम धरले तर किमीमागे १२७. ४०० धरले तर ७३. जलविद्युत-अणुविजेच्या प्रदेशात १०० च्या खालीही जातं, तिथे किमीमागे १८ ग्रॅम.

यात बॅटरी बनवण्याचं कर्ज मिळवायचं. ही गाडी कारखान्यातून निघते तीच उधारी डोक्यावर घेऊन. त्या उधारीचा आकडा किती यावरून भांडणं होतात. स्वीडनच्या आयव्हीएल संस्थेनं २०१७ मध्ये बॅटरीच्या दर युनिट क्षमतेमागे १५० ते २०० किलो असा अंदाज दिला, तो जगभर फिरला. २०१९ मध्ये त्याच संस्थेनं नवी माहिती घेऊन तो ६१ ते १०६ वर आणला, तो फारसा कुणी फिरवला नाही. तुमच्या सहकाऱ्याकडे बहुधा २०१७ चा कागद आहे.

मी ८० धरते. ४० युनिटची बॅटरी, म्हणजे ३,२०० किलो. वीज ७०० ची असेल तर किमीमागे ६० ग्रॅम वाचतात, उधारी फिटायला ५३,००० किमी. तुमच्या वेगानं साडेतीन वर्षं. वीज ४०० ची असेल तर २८,००० किमी, दोन वर्षांच्या आत. वीज १०० ची असेल तर १९,००० किमी. निव्वळ कोळसा असेल तर कधीच नाही. तुमच्या तक्त्यातही विजेचा आकडाच दर रविवारी बदलला असेल.

आयसीसीटी या संस्थेनं २०२१ मध्ये याच पद्धतीनं, खाणीपासून भंगारापर्यंत, पूर्ण आयुष्याचा हिशेब केला होता. पेट्रोलच्या तुलनेत मध्यम इलेक्ट्रिक गाडीचं उत्सर्जन युरोपात ६६ ते ६९ टक्के कमी, अमेरिकेत ६० ते ६८, चीनमध्ये ३७ ते ४५, भारतात १९ ते ३४. गाडी एकाच जातीची, फरक फक्त विजेचा. आणि एक गोष्ट पेट्रोलला कधीच जमणार नाही: तुमची अकरा वर्षांची गाडी आज जितकं सोडते तितकंच किंवा थोडं जास्तच उद्या सोडेल. ग्रिडमध्ये सूर्य-वारा वाढला की इलेक्ट्रिक गाडी उभ्या जागी स्वच्छ होत जाते.

खाणींबद्दल संशयात्मा म्हणतात ते खोटं नाही. त्याला मी धुऊन काढणार नाही. एलएफपीत कोबाल्टही नसतं आणि निकेलही नसतं, एवढं मात्र सांगायला हवं. शिवाय पेट्रोल जळून जातं, धातू जळत नाही. युरोपच्या २०२३ च्या बॅटरी कायद्यात २०३१ पासून जुन्या बॅटरीतलं ९५ टक्के कोबाल्ट, निकेल आणि तांबं, आणि ८० टक्के लिथियम परत मिळवायचं बंधन आहे.

टायरची धूळ राहिलीच. गाडी जड, म्हणून टायर जास्त झिजतात. ब्रेकची धूळ उलट कमी, कारण वेग कमी करताना मोटरच जनरेटर होऊन वीज परत भरते.

संशयात्मा

विजेचा आकडा लपवला नाहीत याबद्दल आभार. मग निदान छोटी बॅटरी घ्या म्हणावं. ८० युनिटची बॅटरी घेऊन रोज ३८ किमी जाणारे लोक बघितले की हसावं की रडावं कळत नाही. उधारी दुप्पट आणि वजनही दुप्पट.

फोर्कलिफ्टवाला

संशयात्म्याशी पहिल्यांदा पटलं.

आता पैसे. रुपये-डॉलर सोडा, भाव रोज बदलतात. सगळं 'युनिटच्या भावात' मोजा. समजा एक लिटर पेट्रोलच्या पैशांत घरची १२ युनिटं येतात. पेट्रोल गाडी १५ किमी देते, म्हणजे एका किमीला ०.८ युनिटचे पैसे. इलेक्ट्रिक घरी भरली तर एका किमीला ०.१८. इतका मोठा फरक पडतो कारण इंजिन पेट्रोलमधली पाऊण ऊर्जा सायलेन्सरातून आणि रेडिएटरमधून हवेत सोडतं, मोटर फार थोडी वाया घालवते.

आता तीच गाडी रस्त्यावरच्या फास्ट चार्जरला लावा. तिथला दर घरच्या तिप्पट असेल आणि हायवेला युनिटमागे ५ किमीच मिळाले, तर किमीला ०.६. पेट्रोल गाडी हायवेला लिटरला १८ देते, म्हणजे ०.६७. झालं, फायदा संपला! आकडेमोडे, तुमचा तक्ता इथेच फसलेला असणार. एका रविवारी सगळं चार्जिंग घरी धरलंत, दुसऱ्या रविवारी सगळं बाहेर. पैसा घरच्या सॉकेटात आहे. ज्याला स्वतःचा सॉकेट नाही त्याला मी इलेक्ट्रिक घ्यायला सांगत नाही, मग पर्यावरणवाल्यांनी कितीही रागवू दे.

देखभाल: ऑइल नाही, प्लग नाहीत, टायमिंग बेल्ट नाही, क्लच नाही (हे तुम्हाला गोड लागेल). सहा वर्षांत ब्रेक पॅड मूळचेच आहेत. उलट वापर नसल्यानं डिस्कवर गंज धरतो, म्हणून आठवड्यातून एकदा मुद्दाम जोरात ब्रेक मारतो. टायर मात्र दुसरा जोड चालू आहे. विमा माझा थोडा महाग पडला.

सगळ्यात मोठा खर्च कोणी मोजत नाही तो म्हणजे गाडीची पडलेली किंमत. बॅटऱ्या स्वस्त होतात म्हणून नव्या गाड्या चांगल्या आणि स्वस्त येतात, आणि जुन्यांचा भाव बसतो. २०१० च्या तुलनेत पॅकची (म्हणजे अख्ख्या बॅटरीची) कारखान्यातली किंमत दर युनिटमागे नव्वद टक्क्यांच्या आसपास उतरली आहे. नवी घेणाऱ्याला हे दुखतं, जुनी घेणाऱ्याला फळतं. तुमच्या सेकंड हँड मोहात म्हणून दम आहे. फक्त भाव बसलाय तो बाजारामुळे की बॅटरीमुळे, हे बघायला पाहिजे.

कसं बघायचं: स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे मेकॅनिक गाडी तपासायला वापरतात ते, सॉकेट असतं. त्यात बसणारं छोटं डाँगल घ्या, मोबाइलवर अ‍ॅप टाका. तब्येतीचा एक आकडा दिसेल, त्यावर फार विसंबू नका, तो गाडीचा स्वतःबद्दलचा अंदाज आहे. सेलचे व्होल्टेज बघा. अशा पॅकमध्ये सेलचे बहुधा ९६ गट एकामागे एक जोडलेले असतात. साखळी आहे ती, सगळ्यात अशक्त गट रिकामा झाला की गाडी थांबते, बाकीचे ९५ भरलेले असले तरी. फोर्कलिफ्टलाही हेच होतं, म्हणून आम्ही चोवीसच्या चोवीस सेल बघायचो.

आकडेमोडे

काका (म्हटलं तर चालेल ना?), डाँगल मागवलं. मालकानं हसत हसत लावू दिलं. गाडी ७१,००० किमी चाललेली, पाणी फिरणारी बॅटरी, एनएमसी. चार्ज ७० टक्के होता. तब्येत ८७. सगळ्यात वरचा गट ३.९१ व्होल्ट, सगळ्यात खालचा ३.८४. खालचा म्हणजे ६१ नंबर. हे चांगलं की वाईट?

फोर्कलिफ्टवाला

काका चालेल.

७० मिलिव्होल्टचा फरक मला आवडला नाही. उभ्या गाडीत १०-२० ठीक. पण ७० टक्क्यांवर रोग पूर्ण दिसत नाही, भरल्या पोटी सगळेच धडधाकट वाटतात. गाडी १५-२० टक्क्यांपर्यंत उतरवा, मग एखाद्या चढावर जोरात दाबून आकडे बघा. तोच ६१ नंबर पुन्हा तळाला असेल तर तो आजारी. दर वेळी वेगळा असेल तर विसरा.

आकडेमोडे

मालक स्वतः शेजारी बसले. १८ टक्क्यांवर चढ घेतला. बाकीचे गट ३.४५ च्या आसपास आणि ६१ नंबर ३.१२! स्क्रीनवर कासवाचं चित्र (ताकद कमी केल्याची खूण) आलं आणि गाडीनं मान टाकली. मालक म्हणाले सेन्सरचा दोष असेल. मी काही बोललो नाही. परत येताना दोघंही गप्प होतो, एसी बंद करून.

नाद सोडू ना?

फोर्कलिफ्टवाला

घाई करू नका. गाडी पाच वर्षांची आहे. बॅटरीला बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा १,६०,००० किमी वॉरंटी देतात. त्यात दोन वेगळी कलमं असतात. एक क्षमता घटण्याचं, ते बहुधा ७० टक्क्यांखाली गेल्यावर लागू होतं, तुमची ८७ वर आहे म्हणून तिथे काही मिळणार नाही. दुसरं बिघाडाचं. एक गट बाकीच्यांपेक्षा ३३० मिलिव्होल्ट खाली बसणं हा बिघाड आहे, म्हातारपण नव्हे. पुस्तिका मागा, दुसऱ्या मालकाला वॉरंटी जाते का ते वाचा, आणि काम आताच्या मालकालाच त्यांच्या नावावर करून घ्यायला सांगा. पूर्ण पॅक बदलायची गरज नसते, ते एक मॉड्यूल (काही गटांची एक पेटी) काढून दुसरं बसवतात. मगच पैसे द्या. नंतर करून देतो म्हणाले तर उठा.

कुंपणावर

हे वाचून हायब्रिडचा आग्रह मागे घेतो. डाँगल कुठलं घेतलंत?

आकडेमोडे

सात आठवडे लागले. मधल्या काळात सर्व्हिस सेंटरनं दोनदा 'नॉर्मल आहे' म्हणून गाडी परत पाठवली. तिसऱ्यांदा मालक १८ टक्क्यांवरच गाडी घेऊन गेले आणि त्यांच्याच माणसाला चढावर बसवून नेलं, तेव्हा मॉड्यूल बदललं. वॉरंटीची उरलेली तीन वर्षं माझ्या नावावर झाली. काल १६ टक्क्यांवर वाचन घेतलं: वर ३.४४, खाली ३.४२. ६१ नंबर मधेच कुठेतरी गर्दीत आहे.

पार्किंगमध्ये १६ अँपिअरचा सॉकेट बसवला, वेगळी वायर, वेगळा एमसीबी. पहिल्या दिवशी गाडी चार्जच घेईना. अर्थिंग कच्चं होतं. तसं असलं की ती हट्टानं नाही म्हणते असं वायरमनला आधी पटेना, मग त्यानं नवीन अर्थिंग केलं. रोज सात युनिटं जातात, दोन-अडीच तास. मर्यादा ८० वर लावली आहे, बायकोनं.

वहीतलं_पान, तक्ता तुमच्या आकड्यांनी पुन्हा मांडला. बॅटरी आधीच बनलेली आणि पाच वर्षं वापरलेली, मग तिची उधारी माझ्या नावावर धरायची की पहिल्या मालकाच्या, यावर घरात अजून एकमत नाही.

काका, शेवटचा प्रश्न. चार्जिंग सुरू करून तासाभरानं सॉकेटला हात लावून बघितला. कोमट लागतो. कोमट चालतं?

फोर्कलिफ्टवाला

कोमट चालतं. हात आपोआप मागे आला किंवा प्लास्टिकचा वास आला तर लगेच बंद करा आणि आतले स्क्रू आवळून घ्या. पहिल्या महिन्यानंतर एकदा आवळाच, तापून-निवून ते ढिले होतात.